मास्तर हिब्रूचा क्लास शोधतात

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात, पण ह्यांनी जन्मात खडू हातात धरलेला नाही. हे गाडी चालवायला शिकवतात. निम्मं गाव ह्यांच्याकडे शिकलंय आणि प्रत्येकाने ह्यांची बोलणी खाल्लीत. ऑफिस म्हणजे एक खोली. तिथे फोन मी घेते, शिकवणीच्या वेळा मी लावते आणि रडवेल्या विद्यार्थ्यांना पाणीही मीच देते.

मुलगा आमचा दूरदेशी. सूनबाईंची भाषा हिब्रू, त्यामुळे घरात सगळं हिब्रूतच चालतं. नात पाच वर्षांची, पिट्टी. तिला मराठी शिकवण्याचा मुलाने सुरुवातीला फार उत्साह दाखवला होता. पण कामावरून दमून आलेला माणूस बायकोशी ज्या भाषेत बोलतो, त्याच भाषेत पोरीशी बोलणार. रविवारी व्हिडिओवर पिट्टी काहीतरी भराभरा सांगायची, आम्ही "हो का गं बाळा" म्हणून हसायचो, हात हलवायचो आणि झाली भेट.

एका रविवारी पडद्यावर मुलगा एकटाच होता. पिट्टी कुठाय विचारलं तर टाळाटाळ करायला लागला. मी सोडते होय! शेवटी म्हणाला, "आई, ती यायला नको म्हणते. म्हणते, ते नुसते हसतात."

हे उठले, खाली गेले आणि स्वच्छ असलेली गाडीची काच पुसत बसले. वर आल्यावर म्हणाले, "हिब्रू शिकायचं."

मग सुरू झाली क्लासची शोधाशोध. हे जातील तिथे एकच प्रश्न विचारायचे, "पहिल्या दिवशी काय शिकवता?" मला कारण माहीत होतं. ह्यांच्या गाडीत पहिल्या दिवशी अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. फक्त ब्रेक. थांबता येत नाही त्याने निघूच नये, हा ह्यांचा हट्ट. पोरं तोंड वाकडं करतात, पण ह्यांनी शिकवलेला कुणी भिंतीवर गेल्याचं मी ऐकलं नाही.

पहिले भेटले ते एक निवृत्त प्राध्यापक. फार सज्जन माणूस. ते म्हणाले, पहिल्या दिवशी धर्मग्रंथातला उतारा. ह्यांनी विचारलं, "ही भाषा पाच वर्षांच्या पोरीला कळेल?" प्राध्यापक हसले. म्हणाले, "तुम्हाला आजची बोली हवी, मी जुनी शिकवतो. चुकीच्या दारी आलात." चहा मात्र छान पाजला.

दुसरी एक मोठी संस्था. तिथे महिनाभर नुसती मुळाक्षरं, तीही उजवीकडून डावीकडे. पायऱ्या उतरताना हे पुटपुटले, "महिनाभर बॉनेट उघडून इंजिनच दाखवणार. तोवर नात लग्नाची होईल."

तिसरा कोर्स फोनमधलाच. 'सफरचंद टेबलावर आहे' असं म्हटलं की टाळ्या वाजायच्या. मला तो जाम आवडला. ह्यांनी नाक मुरडलं. "पिट्टी काय सफरचंद शोधतेय?" मला रागच आला. या वयात कोण टाळ्या वाजवतं आपल्यासाठी? मी तो कोर्स माझ्यापुरता सुरू करून टाकला.

चौथी एक तरुण मुलगी, घरातूनच व्हिडिओवर शिकवायची. मांडीवर तान्हं बाळ, केस विस्कटलेले. माझ्या मनातून ती तिथेच उतरली होती. ह्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला. ती बाळाला थोपटत म्हणाली, "तीनच गोष्टी. मला कळलं नाही. पुन्हा एकदा. हळू. आठवडाभर एवढंच."

हे खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे आधी ब्रेक!"

तिला बिचारीला काही उमगलं नाही. मग ह्यांनी तिला ब्रेकचं सगळं पुराण ऐकवलं. बाळ झोपून गेलं.

"अहो," फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "भाषा शिकायची आणि सुरुवात 'मला कळलं नाही'ने? ते तर तुम्हाला न शिकता येतंय!"

"येत असतं तर पिट्टी गेली असती का?" हे म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

आठवडाभर हे गाडीत तेच घोकत होते. शेजारी बसलेले शिकाऊ घाबरून आपोआप गाडी हळू करायचे, असं एकीने मला सांगितलं.

रविवारी मुलाने पिट्टीला कसंबसं मनवून आणलं. खुर्चीच्या कडेला टेकली होती, निघण्याच्या तयारीत. मी बाजी मारायची म्हणून माझं पाठ केलेलं हिब्रू वाक्य ठोकून दिलं, 'माझी गोड मुलगी, कशी आहेस?' पोरीचे डोळे लकाकले आणि तिने जी सुरुवात केली, ती थांबेचना. त्यातलं एक अक्षर मला कळेना. मी काय केलं? हसले. हात हलवला. तिचा चेहरा बघता बघता बंद झाला आणि ती खुर्चीवरून उतरली.

तेवढ्यात हे पुढे वाकले. "लो हेवांती."

पिट्टी थबकली.

"ओद पाआम," हे म्हणाले. "लेआत." मला कळलं नाही, पुन्हा एकदा, हळू, आठवडाभर घोकलेलं सगळं; उच्चार मात्र अगदी लाकडी.

तिने बापाकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून बसली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली, आपण लहान मुलांशी बोलतो तसं. ह्यांना तरी कुठे कळतंय? ह्यांनी पुन्हा तेच म्हटलं. तिने पुन्हा सांगितलं. मग वैतागून तोंडाचा आ केला आणि बोट आत घातलं. खालचा एक दात पडला होता.

"कालच पडला," मागून मुलाचा आवाज आला. "मागे ती फोनवर आली ना, तेव्हा हलत होता. खूप दुखत होता. तेच सांगत होती तुम्हाला."

आणि आम्ही हसलो होतो. मला तिथेच रडू फुटलं, लपवावंसंही वाटलं नाही.

ह्यांना आता सगळं कळलं होतं. तरी हे पडद्याजवळ सरकले आणि म्हणाले, "ओद पाआम."

पिट्टीने पाय वर घेतले, मांडी घातली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.