वसतिगृहाच्या फाटकावरचा फलक

सूर्य वसतिगृहाच्या मागून वर येतो. त्यामुळे माझ्या चेहऱ्यावर ऊन जरा उशिरा पडते. त्याआधी फाटकाची साखळी वाजते. पहारेकरी महांतप्पा ती काढून खांबाला गुंडाळतात, हातातली काठी भिंतीला टेकवतात आणि तंबाखूची डबी उघडतात. त्यांच्या पत्र्याच्या खोलीतून चुलीचा धूर निघून आधी जमिनीलगत पसरतो आणि मग माळावरच्या वाऱ्याबरोबर तुळजापूरच्या रस्त्याकडे जातो. त्यांची पत्नी रुद्रम्मा टँकरच्या पिंपातून पाणी काढून कपडे धुतात. पिळलेले कपडे त्या एकेक करून माझ्या वरच्या कडेवर टाकतात. महांतप्पांचा खाकी सदरा नेहमी माझ्या डाव्या बाजूला येतो आणि त्याची बाही खालच्या दोन ओळी झाकून टाकते.

"अगं, सरकारी फलक हाय त्यो," महांतप्पा म्हणतात.

"असू दे की," रुद्रम्मा सदऱ्याच्या सुरकुत्या झटकत म्हणतात. "ऊन तर सरकारी न्हाय न्हवं?"

मित्रांनो, तो जुना फलक म्हणजे मी. धाराशिवजवळच्या माळावर बालाघाट विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाचे फाटक आहे, तेथे मी उभा असतो. इमारतीला वीट लागण्याआधी मी येथे आलो. एखादे सार्वजनिक बांधकाम सुरू झाले की ते कोणाचे, कोणी मंजूर केलेले, कोण बांधणार आणि कधीपर्यंत, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावे म्हणून माझ्यासारखा फलक लावतात. इमारत पुढे शेकडो मुलींची होते. आमचे आयुष्य मात्र ती उभी राहीपर्यंतचेच असते.

माझा जन्म धाराशिवातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. मोठा पत्रा कापून चौकटीवर बसवला, लोखंडी नळ्यांचे दोन पाय जोडले आणि अंगाला निळा रंग दिला. मग शांतलिंग पेंटर आले. त्यांनी खडू लावलेली दोरी ताणून माझ्यावर रेघा मारल्या आणि पिवळ्या रंगात अक्षरे काढायला बसले. दुकानदार घाई करू लागला, तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "चालत्या एसटीतून वाचता आलं पाहिजे. न्हायतर फलक कशाला, पत्राच उभा करा की."

अशा रीतीने मला शब्द मिळाले. कामाचे नाव. प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम करावे असा निर्णय. तांत्रिक मान्यता, म्हणजे ते कसे करावे हे जाणकारांनी तपासल्याची खूण. कार्यारंभ आदेश, म्हणजे 'आता सुरू करा' अशी कंत्राटदाराला दिलेली लेखी आज्ञा. काम पूर्ण करण्याची मुदत. आणि सर्वांत शेवटी दोष दायित्व कालावधी, म्हणजे बांधून झाल्यावर काही बिघडले तर कंत्राटदाराने ते स्वतः दुरुस्त करून द्यायचे असा ठरलेला काळ. हे शब्द कठीण आहेत हे मला मान्य आहे. पण त्यांच्यामागे साधीच वचने असतात.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. भूमिपूजनाच्या दिवशी माझ्या पायांना झेंडूची माळ बांधली गेली आणि पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेऊ लागले. विद्यार्थिनी वर्गातून परतताना थांबून मला वाचत आणि पुढच्या वर्षी आपण येथे राहू, असे एकमेकींना सांगत. मग एका उन्हाळ्यात पाणी आटले. नव्या काँक्रीटला रोज पाणी पाजावे लागते, नाहीतर ते कच्चे राहते. म्हणून ओतकामच थांबवले. कंत्राटदाराला मुदतवाढ मिळाली. शांतलिंग येऊन जुन्या तारखेवर निळा पट्टा मारून नवी तारीख लिहून गेले. पुढे आणखी एकदा तसेच घडले. लोकांची नजर माझ्यावरून घसरू लागली. शेळ्या माझ्या पायांना पाठ घासू लागल्या आणि शिकवणीच्या वर्गाच्या जाहिराती माझ्या छातीवर चिकटवल्या जाऊ लागल्या. मला वाईट वाटत होते, पण इमारत वाढत होती. फलकाला तेवढे समाधान पुरते.

यंदाच्या उन्हाळ्यात ती बांधून झाली. कनिष्ठ अभियंता शिवरंजनी मॅडम यांनी प्रत्येक न्हाणीघरात बादलीने पाणी ओतून उतार पाहिला, प्रत्येक खिडकी उघडून-मिटून पाहिली. कंत्राटदाराचे काम नियमाप्रमाणे पूर्ण झाले होते. मॅडमनी शांतलिंगना बोलावून माझ्या तळाशी ठळक अक्षरांत दोन शब्द लिहून घेतले: काम पूर्ण.

ते शब्द खरे होते. मात्र माळावर पाण्याची मुख्य वाहिनी आणणे आणि विजेचे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवणे ही कामे वेगळ्या अंदाजपत्रकात होती. त्यांची निविदा उशिरा निघाली होती आणि खड्डेही अजून खणायचे होते. पूर्ण झाले होते ते फक्त पहिल्या अंदाजपत्रकातले काम. कार्यालयातील माणसांच्या हा फरक इतका अंगवळणी पडला होता, की तो फाटकाबाहेरच्या माणसाला ठाऊक नसेल, हे कोणाच्या मनातही आले नाही.

आणि मग एका सकाळी, माझ्या अंगावर कपडे वाळत असतानाच, फाटकाशी एक छोटा टेम्पो येऊन थांबला. त्यातून पांढरा शर्ट घातलेले आणि धोतर नेसलेले एक गृहस्थ उतरले. मागोमाग त्यांची मुलगी उतरली. टेम्पोत एक पत्र्याची पेटी, पुस्तकांची दोन खोकी आणि सुतळीने करकचून बांधलेली गादी होती. ते होते परांडा तालुक्यातल्या सोनारीचे आण्णासाहेब. काळभैरवाच्या देवळापुढे त्यांचे नारळ-फुलांचे दुकान आहे. मुलगी निकिता रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाच्या दुसऱ्या वर्षात होती. पहिले वर्ष तिने धाराशिवात मावशीच्या घरी काढले होते. आता मावशीच्या मुलाचे लग्न झाले होते आणि त्या घरात जागा उरली नव्हती.

आण्णासाहेबांनी गादी उतरवली आणि थेट फाटकातून आत निघाले.

"ओ पावणं, कुठं निघालाव?" महांतप्पांनी काठी आडवी धरली.

"खोली धरायला."

"खोली?"

"व्हय. आमच्याकडं जत्रंत जो आदल्या दिशी पथारी टाकतो, जागा त्याची. मागनं आलेल्यानं भांडू नये. मुली यायच्या आत हिची गादी पडली म्हंजे मिटलं."

"अवो, हितं कुनीच राहत न्हाय अजून."

"म्हनूनच तर पयलं आलो."

रुद्रम्मा हसू दाबत खोलीच्या दारात आल्या. निकिता मात्र हसली नाही. तिने तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खिडक्यांकडे पाहिले आणि वडिलांना हळूच म्हणाली, "दादा, मी म्हटलं होतं, आधी ऑफिसात विचारू."

"विचारायचं काय? म्या फी भरायला आलो तवा सोता वाचलंय."

तेवढ्यात शिवरंजनी मॅडम स्कूटरवरून आल्या. त्यांच्यामागे मोटारसायकलवर कंत्राटदाराचे पर्यवेक्षक बालाजी होते. काय झाले ते महांतप्पांनी सांगितले. मॅडमनी गादीकडे पाहिले, मग निकिताकडे.

"काका, वसतिगृह अजून सुरू झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

आण्णासाहेब माझ्याजवळ आले, महांतप्पांच्या सदऱ्याची बाही बाजूला सारली आणि माझ्या तळाच्या दोन शब्दांवर बोट ठेवले.

"कुनाच्या तोंडचं ऐकून आलो न्हाय, म्याडम. सरकारी अक्षर वाचून आलो."

मग मॅडमनी सावकाश समजावले, की इमारत बांधून झाली आहे, पण पाण्याची वाहिनी दुसऱ्या अंदाजपत्रकात आहे, विजेचेही तसेच आहे, आणि ते झाल्याशिवाय कोणालाही आत राहू देता येत नाही.

"आसं," आण्णासाहेब म्हणाले. "म्हंजे घर एका टेबलावर आन् तहान दुसऱ्या टेबलावर."

बालाजी हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"कधी व्हनार मग?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "तारीख सांगितली तर ती खोटी ठरेल."

आण्णासाहेब बराच वेळ टेम्पोच्या फळीला धरून उभे राहिले. मावशीकडे त्यांनी स्वतःच सांगून टाकले होते की पोरीची सोय झाली. सोनारीहून धाराशिवला रोज एसटीने जाणे-येणे करायचे तर अर्धा दिवस रस्त्यात जातो आणि निकिताची प्रयोगशाळा संध्याकाळपर्यंत चालते. शेवटी ते गादीकडे वळले.

"चल निकिता. गाडी हाय तवर जाऊ गावाकडं. पुढच्या वर्षी बघू."

निकिता जागची हलली नाही. "पुस्तकं पण न्यायची का दादा?" तिने विचारले. तिचा आवाज सरळ होता, पण तिने खोक्यावर ठेवलेला हात उचलला नाही.

"पुढल्या वर्षी म्हनं," रुद्रम्मा दारातूनच म्हणाल्या. "एकदा घरी नेलेली पोरगी परत कोन आनतंय हो आण्णा? आमच्या लेकीला, शिवगंगेला, असंच घरी नेलं. आता तिची पोरं शाळंत जात्यात."

"तू गप गं," महांतप्पा म्हणाले.

"का गप? खरं हाय ते."

मित्रांनो, माझ्या अंगावर किती मान्यता आणि किती मुदती लिहिल्या गेल्या होत्या. त्या सकाळी मला प्रथमच दिसले, की त्या सर्वांचे वजन एका पुस्तकांच्या खोक्यावर येऊन ठेपू शकते.

शिवरंजनी मॅडम म्हणाल्या, "काका, मी धाराशिवात भाड्याने राहते. एकटीच असते आणि एक खोली रिकामी आहे. वसतिगृह सुरू होईपर्यंत निकिता तिथे राहील. स्वयंपाक दोघी मिळून करू. तुम्ही घर बघा, शेजारी विचारा आणि मगच ठरवा."

आण्णासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, पण विश्वासही नव्हता.

"खोलीचं मागनं बोलू. आधी त्या फलकावर खरं काय ते लिहा. माझं ऐकून परांड्याचे दोघं बाप उद्या निघनार हायती, गाद्या बांधून. त्यांना म्या काय तोंड दाखवू? अन् जे अक्षर चुकीचं हाय म्हनून कळलं ते तुमी तसंच ठेवनार असाल, तर तुमच्या घरी पोरगी कशाच्या भरवशावर ठेवू?"

मॅडमनी खिशातून फोन काढला आणि कार्यकारी अभियंत्यांना लावला. मी अगदी जवळ असल्यामुळे पलीकडचा आवाजही मला ऐकू येत होता. साहेब म्हणाले, फलकाचा नमुना ठरलेला आहे, त्यात अशी ओळ बसत नाही. आणि उद्घाटन जवळ आले असताना 'बाकी' हा शब्द फाटकावर नको.

"नमुन्यात नाही हे खरं आहे, साहेब. पण मनाईही नाही. 'काम पूर्ण' मी पुसत नाही, फक्त त्याचा अर्थ खाली लिहिते."

"मग ते तुमच्या जबाबदारीवर," साहेब म्हणाले. "वरून विचारणा झाली तर उत्तर तुम्ही द्यायचं."

"हो साहेब." त्यांनी फोन ठेवला.

बालाजी अस्वस्थ झाले होते. "मॅडम, वर 'पूर्ण' आणि खाली 'बाकी'? लोक हसतील आपल्याला."

"हसू द्या. गाद्या बांधून येण्यापेक्षा हसलेलं बरं."

"पण शांतलिंग तर आज तुळजापूरला आहे. लॉजच्या पाट्या रंगवतोय. संध्याकाळशिवाय यायचा नाही."

"गोदामात पिवळा रंग आहे ना? ब्रश आणा. मी लिहिते."

मित्रांनो, तुमच्याही गावात एखाद्या कामावर माझ्यासारखा फलक उभा असेल. त्यावर जाहिराती चिकटवू नका आणि तो न वाचता पुढे जाऊ नका. एखादा शब्द कळला नाही तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी अभियंता झाला, अधिकारी झाला, तर फलकावर लिहिण्याआधी फाटकाबाहेर उभे राहून तो एकदा वाचून पाहा. पत्रा गंजला तर घासून पुन्हा रंगवता येतो. वाचणाऱ्याचा आमच्यावरचा विश्वास उडाला, तर तो परत आणायचा उपाय कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो.

रुद्रम्मांनी न सांगता माझ्यावरचे सगळे कपडे काढून घेतले. महांतप्पांनी ओल्या फडक्याने माझा खालचा भाग पुसला आणि जाहिरातीचा उरलेला कागद नखाने खरवडला. बालाजी रंगाचा डबा घेऊन आले आणि जरा वेळाने, कोणी म्हणायच्या आत, तो हातात धरून उभे राहिले. मॅडम माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. त्यांचे अक्षर शांतलिंगसारखे नव्हते. ओळ उजवीकडे थोडी उतरली आणि 'जोडणी'तला 'ड' जाड झाला. लिहून झाल्यावर त्या बाजूला सरल्या.

आण्णासाहेबांनी प्रत्येक शब्दाखाली बोट नेत, रंगाला न लावता, मोठ्याने वाचले: "इमारत बांधून झाली आहे. पाणी व वीज जोडणी बाकी आहे. राहण्यासाठी अजून खुले नाही."

त्यांनी ते पुन्हा एकदा मनाशी वाचले. "तारीख न्हाय घातली."

"माहीत नाही, म्हणून नाही घातली."

आण्णासाहेबांनी मान हलवली. मग त्यांनी खाली पडलेली गादी उचलली, तिची सैल झालेली सुतळी पुन्हा आवळली आणि ती टेम्पोत पुस्तकांच्या खोक्यांशेजारी ठेवली. निकिताला त्यांनी मॅडमच्या मागे स्कूटरवर बसायला सांगितले आणि स्वतः टेम्पोवाल्याच्या शेजारी चढले.

"धाराशिवात घे," ते म्हणाले. "म्याडमच्या मागोमाग."