अव्वल नंबरची माती

लोह्याजवळच्या हणमंतरावांना चाऱ्यासाठी लसूणघास पेरायचा होता. घरी चार म्हशी. कृषी सहायक म्हणाला, "आधी माती तपासून घ्या. हे पीक स्फुरद लई खातं."

हणमंतरावांना हे परीक्षेसारखं वाटलं. आपल्या रानाला कमी मार्क पडले तर गावात तोंड कसं दाखवायचं? त्यांनी रानातली माती घेतलीच नाही. उकिरड्याच्या कडेची काळीभोर, भुसभुशीत माती पिशवीत भरली आणि वर आपलं नाव घातलं.

अहवाल आला. स्फुरद भरपूर, पालाश भरपूर, खताची गरज नाही. हणमंतरावांनी तो काचेत बसवून बैठकीत लावला. येईल त्याला वाचून दाखवला. शेजारचे ईश्वरप्पा म्हणाले, "नशीबवान हायसा!"

आता खत आणायची पंचाईत झाली. दुकानात सगळे ओळखीचे. पेरणी बिनखताची उरकली. पहिली कापणी बरी निघाली, दुसरीला घास घोट्याच्या वर सरकेना. म्हशी रिकामी गव्हाण चाटू लागल्या.

"अहो, सुपर फॉस्फेट टाका की, त्यात स्फुरदच असतं," त्यांच्या पत्नी सिंधुताई म्हणाल्या.

"अहवाल काय खोटा हाय का?"

"अहवाल खरा हाय. उकिरड्याचा हाय. मी बघितलं तुम्हाला, खुरपं घेऊन."

हणमंतराव पंचांग चाळू लागले.

सिंधुताईंनी वाद घातला नाही. रानात पाच ठिकाणी खड्डे घेतले, माती एकत्र कालवली, त्यातली अर्धा किलो स्वतःच्या नावानं पाठवली. उत्तर आलं : स्फुरद फार कमी. त्यांनी स्वतः दुकानात जाऊन सुपर फॉस्फेट आणलं, कापणी झाल्यावर सांगितलेल्या मापानं टाकलं, वर पाणी दिलं. दुकानदारानं विचारलं, "तुमच्या रानाला तर खत लागतच न्हाई ना?"

"त्यांच्या रानाला न्हाई लागत," त्या म्हणाल्या, "माझ्या रानाला लागतं."

पुढच्या दोन कापण्यांत घास गुडघ्याला लागला. दूध वाढलं. ईश्वरप्पा बांधावर येऊन थबकले.

"काय केलंत हो हे?"

सिंधुताई भारा बांधत होत्या. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात हणमंतराव पुढे झाले.

"माती कितीबी चांगली असू द्या, ईश्वरप्पा, तिच्यावर विसंबून राहू न्हाई," ते गंभीरपणे म्हणाले. "हिला मी तेच समजावून सांगून राहिलो होतो."

सिंधुताईंनी भारा उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "चला, म्हशी वाट बघून राहिल्यात."