खालचा संडास

राजपाल बनसोड्यांनी सकाळी उठून संडासाचं दार उघडलं आणि लगेच ओढून घेतलं. भांडं काठोकाठ भरलं होतं, आणि त्यात जे तरंगत होतं ते त्यांच्या घरातलं नव्हतं. खाली ते आणि बायको नंदा, दोघंच राहत. आदल्या संध्याकाळपासून दोघांपैकी कुणी तिकडं गेलंही नव्हतं.

कळंबला मोंढ्याच्या मागं त्यांचं दुमजली घर होतं. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केली, त्यातली निम्मी माकणीच्या धरणावर. निवृत्तीनंतर हे घर बांधलं. वरच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं ठेवली, म्हणजे म्हातारपणी घरात माणसांची जाग राहील, असा विचार. पण भाडेकरू आल्यापासून राजपालना स्वतःच्या घरात निवांत बसता येत नव्हतं. एकाला पाण्याची मोटार लावून हवी असे, दुसऱ्याला बंद करून. जिन्यात कुणाच्या चपला, गच्चीवर कुणाच्या गोधड्या, आणि कुणाचंही काहीही मोडलं की हाक खाली.

वर समोरच्या दोन खोल्यांत उत्कर्ष राहत होता. खताच्या दुकानदारांकडं फिरून माल खपवायचं त्याचं काम. बायको शिवकन्या, आणि जानेवारीत खुब्याचं हाड मोडलं म्हणून गावाहून आणलेली आई तुळजाबाई. म्हातारी तेव्हापासून अंथरुणावरच होती. मागच्या खोलीत शुभांगी नावाची मुलगी राहायची, एका खासगी दवाखान्यात नर्स होती.

राजपाल वर गेले. भांड्यात काही टाकलं का, म्हणून दोन्ही बिऱ्हाडांना विचारलं. दोघांनीही नाही म्हणून सांगितलं. मग राजपालनी विनंती केली की लाईन तुंबलीय, मोकळी होईपर्यंत वरचा संडास वापरू नका, बसस्टँडजवळ सार्वजनिक संडास आहे तिथं जा. सगळ्यांनी माना हलवल्या.

दहा वाजता वर बादली ओतल्याचा आवाज आला. पाठोपाठ खालच्या भांड्यात गुडगुड झाली, आणि काळं पाणी भांड्याच्या बाहेर आलं, फरशीवरून पसरत न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत. नंदाबाईंनी जुनी लुगडी, पोती, जे हाताला लागलं ते उंबऱ्याशी टाकलं. पदर नाकाला लावूनही त्यांना वास सहन होईना. त्या दिवशी चूल पेटली नाही. शेजारून भाकरी आली, ती तशीच झाकून राहिली.

राजपाल पुन्हा वर गेले. उत्कर्ष भांग पाडत होता. म्हणाला, काका, कामावर निघायचं होतं, किती दूर जाणार. दुपारी पुन्हा तेच झालं. आता कोण, हे विचारायलाही राजपाल वर गेले नाहीत. खराट्यानं ते पाणी मागं ढकलताना त्यांच्या मनात एकच येत होतं, की आपण पोटाला चिमटा घेऊन बांधलेल्या घरात दुसऱ्याची विष्ठा आपल्या पायाशी येतीय, आणि ती ज्याची आहे तो वर भांग पाडतोय.

नगरपालिकेच्या मैला उपसणाऱ्या गाडीचा नंबर आठ दिवसांनी लागणार होता. ओळखीतून खासगी टँकरवाल्याचा फोन मिळाला. उमरग्याकडचा शिवप्पा नावाचा माणूस. तो म्हणाला, परवा येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्कर्ष जिन्यात भेटला. स्वर आपुलकीचा होता.

"काका, टँकरची वाट कशाला बघता? तुमच्या समाजातला एखादा माणूस बोलवा की. तासाभरात मोकळं करंल."

राजपाल एक पायरी खाली उभे होते. त्यांनी विचारलं, "माझ्या समाजातला म्हंजे?"

"म्हंजे ओळखीतला वो," उत्कर्ष म्हणाला, आणि गाडीची किल्ली फिरवत निघून गेला.

राजपालच्या वडिलांनी धर्मांतरानंतर गावातली मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं होतं. गावानं मग दोन वर्षं त्यांना कुणाच्या शेतात पाऊल टाकू दिलं नाही. येडशीला जाऊन त्यांनी रेल्वेच्या कामावर खडी फोडली, पण त्या कामाला पुन्हा हात लावला नाही. राजपाल त्यानंतर जन्मले. शाळा शिकले, ऑफिसात खुर्चीवर बसले, निरोपाला साहेबांनी हार घातला. आणि आज त्यांच्याच जिन्यात, त्यांच्याच भाडेकरूनं, रागानं नव्हे तर मदत म्हणून हे सांगितलं होतं. त्यांना त्या जिन्याचीच शिसारी आली. रात्री नंदाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर डोकं दुखतंय एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी शिवप्पा आला. एकटाच होता, पन्नाशीचा, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्यानं आधी टाकीचं झाकण उचलून आत काठी घातली. टाकी निम्मीसुद्धा भरली नव्हती. म्हणाला, पाईपात अडकलंय. मग जिन्याच्या पायथ्याचं चेंबर उघडलं आणि आकडा लावलेली लांब सळई आत सरकवली.

पहिला गोळा निघाला तेव्हा राजपालना ते काय आहे कळलं नाही. वर्तमानपत्र, प्लास्टिक आणि आत फुगून फाटलेलं काहीतरी. मग दुसरा, तिसरा. शिवप्पा एकेक काढून अंगणाच्या कडेला ठेवत गेला. वीसेक तरी झाले. वास असा सुटला की समोरच्या घराच्या खिडक्या धाडधाड लागल्या. राजपालना ओकारी आली, त्यांनी भिंतीला हात टेकला.

शुभांगी ड्यूटीवरून येऊन फाटकात उभी राहिली होती. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मोठ्या माणसाचे डायपर आहेत हे."

राजपालनी उत्कर्षला खाली बोलावलं. तो नाकाला रुमाल लावून आला, ढिगाकडं पाहिलं, आणि म्हणाला की शुभांगी दवाखान्यात काम करते, तिथलं काही घेऊन येत असेल.

वरच्या कठड्याशी शिवकन्या उभी होती.

"माझेच हायत," ती म्हणाली. "म्या टाकले."

ती हळूहळू बोलली, पण सगळं बोलली. घंटागाडीवाला पिशवी उघडून बघायचा आणि परत द्यायचा. घरात बादलीत ठेवले की नवरा ओरडायचा, जेवण जात न्हाय म्हणायचा. कामावर जाताना गावाबाहेर टाका म्हटलं, तर गाडीला वास लागंल म्हणाला. सासूच्या खोलीत तो दारातूनच बोलायचा. चार महिन्यांत एकदाही आत गेला नव्हता. मग ती रोज ते फाडून, कागदात गुंडाळून संडासात टाकायची आणि वरून बादल्या ओतायची.

राजपालची किळस तोवर त्या ढिगाची होती. आता ती ढिगावरून उठली आणि रुमालवाल्या माणसावर जाऊन बसली.

टँकरमध्ये हे चालत नाही, हे पोत्यात भरून कचरा डेपोवर न्यावं लागेल, असं शिवप्पानं सांगितलं. मग कुणी हलेना तेव्हा तोच वाकला. राजपालनी त्याला थांबवलं. तेवढ्यात शिवकन्या हातांना कॅरीबॅग बांधून खाली आली.

"पोरी, तू थांब," राजपाल म्हणाले. "उत्कर्ष, तुम्ही उचला."

"मी?"

"आई तुमची हाय."

"काका, असली कामं आमच्या घरात कुणी केली न्हाईत."

"आमच्या घरात केलेली हायत," राजपाल म्हणाले. "हात झडत न्हाईत."

उत्कर्षनं आजूबाजूला पाहिलं. लागलेल्या खिडक्यांच्या फटीतून माणसं बघत होती. आजच्या आज खोली सोडायची का, असं राजपालनी अगदी खालच्या आवाजात विचारलं. मग उत्कर्षनं रुमाल तोंडाला बांधला, बायकोच्या हातातल्या कॅरीबॅगा घेतल्या आणि वाकला. तिसऱ्या गोळ्याला त्याला उलटी झाली. पुसून पुन्हा वाकला. दोन पोती भरली, गाडीला बांधली आणि कुणाकडं न बघता गेला.

राजपालना वाटलं होतं की आता बरं वाटेल. त्यांनी शिवकन्येकडं पाहिलं. ती पोरगी नवरा गेला त्या रस्त्याकडं बघत होती. हे सगळं संध्याकाळी तिच्यावरच निघणार, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. राजपालनी नजर वळवली.

शिवप्पानं बूट धुतले, हातपाय धुतले. नंदाबाईंनी दिलेला चहा घेताना त्यानं विचारलं की इकडं कळंबला बरंच काम मिळतंय, एखादी खोली असली तर सांगा. टँकरचा धंदा म्हटल्यावर कुणी देत नाही, मी केबिनमध्येच झोपतो. सध्या सगळं भरलेलं आहे, असं राजपाल म्हणाले. तेव्हा ते खरं होतं.

महिनाअखेर उत्कर्षनं खोल्या सोडल्या. तुळजाबाईंना खुर्चीत बसवून खाली आणलं, एका बाजूनं शिवकन्या, दुसऱ्या बाजूनं शुभांगी. म्हातारीनं नंदाबाईंचा हात धरला. पुढं मोंढ्यातून बातमी आली. बनसोडे भाडेकरूंकडून घाण उचलून घेतो, असं उत्कर्ष दुकानादुकानांत सांगत होता. जातीचं नाव घेऊन त्यापुढं काय काय म्हणत होता, ते सांगणाऱ्यानं सांगितलं नाही.

तीन कुटुंबं खोल्या बघायला आली. एकानं आडनाव विचारलं आणि कळवतो म्हणाला. बाकीची तेवढंही न विचारता गेली. अडीच महिने खोल्या रिकाम्या पडल्या.

एके दिवशी नंदाबाई म्हणाल्या, "त्या टँकरवाल्याला का इचारत न्हाईत?"

राजपाल पेपर वाचत होते. म्हणाले, टँकर दारात उभा राहील. पावसाचे दिवस, वास येईल. शुभांगी काय म्हणेल. गल्लीतले आधीच बोलतात, त्यात हे.

नंदाबाई निवडत असलेल्या डाळीचं ताट मांडीवर तसंच धरून त्यांच्याकडं बघत राहिल्या. "गल्लीतले," एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा निवडू लागल्या.

त्यानंतर चार दिवस राजपालनी फोन केला नाही. रोज सकाळी उद्या करू म्हणायचे. पाचव्या दिवशी अंगणात जाऊन केला. शिवप्पानं आवाज लगेच ओळखला. आठवण ठेवली म्हणून त्याला आनंद झाल्यासारखं वाटलं. म्हणाला, साहेब, कालच येडशीला स्टेशनजवळ खोली घेतली, मालकीण बरी आहे. तुमचा फोन आधी आला असता तर तुमच्याकडंच आलो असतो.

"बरं झालं, बरं झालं," राजपाल म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की आपली छाती हलकी झालीय. संडास तुंबला त्या दिवसापासून इतकं मोकळं त्यांना वाटलं नव्हतं. आणि तसं वाटलं याचीच त्यांना एवढी घृणा आली की त्यांना घरात जाववेना. बराच वेळ ते फाटकाशी उभे राहिले.

आत आल्यावर नंदाबाईंनी विचारलं, "काय म्हनला?"

"त्याला नको हाय खोली," राजपाल म्हणाले. "लांब पडतंय म्हनला."