पाच हजार चाळीस ओळी आणि एक पाटी

या मित्रांनो, जरा सरकून जवळ बसा. गोष्ट सांगते, खरी खरी सांगते. मी एक जुनी संख्या आहे, पाच हजार चाळीस. एकपासून सातपर्यंतचे अंक गुणत जा, मी येते. सात, आठ, नऊ, दहा गुणा, तरीही मीच. एक ते दहा, कुणीही मला भागून बघावं, बाकी शून्य. अकरानं भागलं तर मात्र दोन उरतात. म्हणून ‘सगळं जुळलं’ असं कुणी म्हटलं, की मला आधी संशय येतो.

इंग्लंडातल्या एका खेड्यात, चर्चच्या मनोऱ्यात माझा मुक्काम. तिथे सात घंटा एका ओळीत एकेकदा वाजतात आणि ओळीगणिक क्रम बदलतात. असे क्रम माझ्याइतकेच. नामस्मरणात तेच नाव हजारदा घ्यावं, पुण्यच लागतं; पण इथे एक ओळ दोनदा वाजली की सारी सेवा खोटी! कागद जवळ ठेवायचा नाही, सगळं पाठ. तीन तासांनी शेवट गाठला, तर वाजवणाऱ्यांची नावं पाटीवर चढतात.

या घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या विल्फ्रेड टॅन्सले चाळीस वर्षं त्या पाटीसाठी झुरला. खांदा निकामी होत आलेला. डॉक्टर म्हणाले, ही शेवटची खेप. त्या शनिवारी शेवट गाठला. “म्हाताऱ्या, आता तरी बिअर पाज!” सगळे ओरडले. त्यांच्यातलीच एक, एनिड गॅरड, तेवढी गप्प. माझ्या मनात पाल चुकचुकली.

सोमवारी ती त्याच्या स्वयंपाकघरात आली.

“काका, रागावणार नाही ना?”

“आधी चहा घे. वाईट बातमी कोरड्या घशानं सांगू नये.”

“दुसऱ्या तासात मी आणि शेजारच्या घंटेवरचा जॉब, ओळीत एकमेकांच्या जागी वाजवत होतो. थोडाच वेळ. मग सावरलो.”

“आणि मला कळलं नाही?”

“तुमचा खांदा लचकला होता तेव्हा.”

विल्फ्रेडनं पेन्सिल घेऊन त्या वेळच्या ओळी कागदावर मांडल्या. दुपार टळली. बारा ओळी दोनदा वाजल्या होत्या; म्हणजे दुसऱ्या बारा वाजल्याच नव्हत्या.

“जाऊ द्या ना, काका. गावाला काय कळतंय? त्यांना सगळं ठणठणच!”

“गाव सोड गं. देवासमोर वाजवलं ना आपण?”

मला वाटलं, बोलतोय खरा, पण उद्या गप्प बसेल. माणसं बसतात. पण त्यानं तिथल्या तिथे पाटीवर नावं लिहिणाऱ्या रंगाऱ्याला फोन लावला. “पाटी पुसून टाक, बाबा. हो, माझंच नाव.” फोन ठेवला आणि बराच वेळ खांदा चोळत बसला. एनिड रडली, तर म्हणाला, “वेडे, सांगायला आलीस, हेच मोठं.”

मित्रांनो, मोजणी नीट करा, आणि चूक सांगायला येणाऱ्याला घरात घ्या. मी भल्याभल्यांवर संशय घेते. त्या म्हाताऱ्यावर घेतला, त्याची लाज वाटते. त्याचं नाव कुठल्याच भिंतीवर नाही. तेवढं तुम्ही लक्षात ठेवा: विल्फ्रेड टॅन्सले.