भिंतीच्या भोकातली यादवी

मित्रांनो, मी एक जुने, मधोमध फाडलेले पुस्तक आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. आपली कहाणी सांगताना जुनी छत्री हळवी होते, जुने घड्याळ उसासे टाकते. माझ्याकडून तसले काही मिळणार नाही. माझे पुढचे अर्धे अंग पडेगावातल्या एका घरात आहे, मागचे अर्धे शेजारच्या घरात, आणि ही दोन घरे गेल्या उन्हाळ्यापर्यंत एकच घर होते.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. लष्करातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याने मला लिहिले. स्पेन देशात १९३६ साली काही सेनापतींनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केले आणि पुढची जवळजवळ तीन वर्षे एकाच देशाची माणसे दोन बाजूंना उभी राहून एकमेकांना मारत राहिली, ती हकीकत माझ्यात आहे. श्रीकृष्णाच्या कुळातले यादव आपसांत लढून संपले, म्हणून अशा युद्धाला आपण यादवी म्हणतो. माझ्या मुखपृष्ठावर तेवढा एकच शब्द मोठ्या अक्षरांत छापला, खाली बारीक अक्षरांत 'स्पेन', आणि वर वेढा पडलेल्या एका किल्ल्याचे चित्र. बांधणी दोऱ्याने शिवलेली होती. शेवटी माद्रिद शहराचा घडीचा नकाशा होता. मी देखणा होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग मी गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानात आलो आणि दुकानदाराने किमतीची चिठ्ठी नेमकी 'स्पेन'वर चिकटवली. फौजेतून सुट्टीवर आलेले हवालदार पुंजाराम दुकानात शिरले. हा माणूस दौलताबादच्या रस्त्यावर लहानाचा मोठा झालेला. यादवी म्हटल्यावर आणि वर किल्ला दिसल्यावर त्यांना देवगिरीचे यादवच आठवणार. त्यांनी मला काखेत मारले आणि घरी येऊन चिठ्ठी खरवडली.

"आरं तिच्या! हे तर भलतंच निघालं," ते म्हणाले.

"मंग परत द्या की," त्यांच्या पत्नी द्वारकाबाई चुलीपुढून म्हणाल्या.

पुंजारामांनी चार पाने वाचली, मग आणखी दहा. "नाय द्यायचं," ते म्हणाले. "नाव बरोबर हाय. गाव तेवढं दुसरं हाय."

ती माझी चांगली वर्षे. दर सुट्टीला पुंजाराम आपल्या दोन मुलांना, सुदर्शनला आणि अजिनाथला, जवळ बसवत आणि माझा नकाशा जमिनीवर उलगडत. सरकारच्या फौजेला ज्वारीचे दाणे, बंडखोरांना तुरीचे. नदी कुठे, पूल कुठे, टेकडी कुणाच्या हातात, हे सगळे ते दाण्यांनी दाखवत. लष्करी इतिहास असा समजतो, मित्रांनो. सैन्य सरकण्याआधी भाकरी सरकावी लागते, हे ती पोरे माझ्यावरून शिकली.

पण पुंजारामांचा एक नियम होता. ज्याची आज ज्वारी, त्याची उद्या तूर. सुदर्शन चिडायचा. काल ज्या पुलासाठी जीव टाकला, तोच आज दुसऱ्या बाजूने कसा घ्यायचा? पुंजाराम म्हणायचे, "तिकडून बघितल्याबिगर लढाई कळत नाय, बाळा." डाव मांडायच्या आधी ते रोज विचारायचे, "आज कुणाची ज्वारी?" आणि पोरे खरे सांगायची.

घरी येणाऱ्या पाहुण्यांची मात्र मला चीड यायची. मला चाळायचे, रणगाड्यांची चित्रे बघायचे आणि विचारायचे, "शेवटी जिंकलं कोण?" लाखो माणसे मेली, गावेच्या गावे जळली, आणि यांना क्रिकेटच्या सामन्यासारखा निकाल हवा. बंडखोर जिंकले. झाले समाधान? घ्या, पोहे खा.

पोरे मोठी झाली. सुदर्शन कंपनीत लागला, अजिनाथने रंगाचे दुकान काढले. मी कपाटात गेलो आणि वीस वर्षे मला कोणी हात लावला नाही. सुदर्शनची मुलगी अपेक्षा आणि अजिनाथचा मुलगा इंद्रजीत एकाच ताटात जेवून वाढले. पुंजारामांना सगळे नाना म्हणू लागले. द्वारकाबाई गेल्या. नानांच्या डोळ्यांना अक्षरे लागेनाशी झाली. हे सगळे मी सहन केले. पुस्तकाला वाट बघायची सवय असते.

जे झाले ते पाण्यावरून झाले. आमच्याकडे नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येते. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी अजिनाथने आधी मोटार लावली, त्याची टाकी भरून वाहू लागली आणि सुदर्शनची कोरडी राहिली. सुदर्शन म्हणाला, मुद्दाम केलंस. अजिनाथ म्हणाला, डोळा लागला होता. त्या वाहून गेलेल्या पाण्यावर दोघे इतके बोलले की तेवढ्या पाण्यात त्यांना बुडवता आले असते. महिन्याभरात अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. सामाईक नळाच्या पाइपासाठी तिच्यात भोक ठेवले, पुढे पाइपही वेगळे झाले, आणि भोक तसेच राहिले.

मग वाटणी. भांडी झाली, पलंग झाले. नानांचीही झाली, एक महिना इकडे, एक महिना तिकडे. राहिलो मी. वीस वर्षे ज्यांना माझी आठवण नव्हती, त्या दोघांना त्या दिवशी माझे प्रेम उतू आले.

"नानांनी मला दिलं व्हतं ते!"

"तुला? तुला तर नकाशा उलटा धरायची सवय!"

एकाने पुठ्ठा धरला, दुसऱ्याने पाठ धरली. नाना ओरडत होते, "सोडा, आरं सोडा!" दोरा तुटला. पन्नाशीला टेकलेले दोन बाप्ये आपापला तुकडा छातीशी धरून आपापल्या घरात गेले. मला दुखले, ते राहू द्या. मला किळस आली. यादवीवरच्या पुस्तकाची यादवी करायला सुद्धा यांना लाज वाटली नाही.

पुढचा अर्धा अपेक्षाने वाचला. त्यात माद्रिदचा वेढा आहे. शहरातले कामगार, शिक्षक, बायाबापड्या खंदक खणतात आणि शहर पडू देत नाहीत. मागचा अर्धा इंद्रजीतने वाचला. त्यात पराभव आहे, भूक आहे, आणि अगदी शेवटच्या महिन्यात माद्रिद राखणारेच एकमेकांवर बंदुका रोखतात. शाळेच्या रिक्षात दोघांची जुंपली.

"माद्रिद पडलंच नाय," अपेक्षा म्हणाली.

"पडलं. माझ्या पुस्तकात हाय."

"माझ्या पुस्तकात नाय!"

त्या दिवसापासून चुलत बहीणभाऊही बोलेनासे झाले. 'माझ्या पुस्तकात.' ऐकलेत ना? अर्धे वाचले की माणूस असा ठाम होतो. मला जीभ असती तर रिक्षातच ओरडलो असतो.

आता भोकाचे ऐका. पलीकडचे बोलणे ऐकू येते म्हणून सुदर्शनने एके दिवशी माझा पुढचा अर्धा गुंडाळून भोकात कोंबला. त्याच आठवड्यात त्याच कारणासाठी अजिनाथने पलीकडून मागचा अर्धा कोंबला. दोघांनाही पत्ता नाही. भिंतीच्या पोटात माझे दोन तुकडे एकमेकांना टेकले. तुटलेल्या दोऱ्याला तुटलेला दोरा लागला. इतक्या महिन्यांनी मी एक झालो तो कशाने, तर यांच्या तिरस्काराने! त्या अंधारात मी जितका संतापलो तितका कधीच संतापलो नव्हतो.

नानांचा सुदर्शनकडचा महिना चालू होता. एका रविवारी दुपारी ते अंगणात बाजेवर पडले होते. "अपेक्षे," ते म्हणाले, "ती लायब्ररीची लढाई वाच. एकदा पुरी ऐकू दे. पुन्हा ऐकायला मिळंल का नाय, कुणास ठाऊक."

अपेक्षाने मला भोकातून ओढून काढले, पाने सरळ केली आणि शेवटचे पान वाचले. माद्रिदच्या विद्यापीठात लढाई पोचली होती. एका इमारतीत एक फौज, शेजारच्या इमारतीत दुसरी. "सैनिकांनी ग्रंथालयातली जाडजूड पुस्तके काढून खिडक्यांत रचली, आणि..."

ती थांबली.

"आणि?" नानांनी विचारले.

"पुढं नाय, नाना. पुढचं तिकडं हाय."

नानांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा बघून अपेक्षा उठली. ती भोकाशी वाकली आणि तिने इतक्या दिवसांचा अबोला मोडला. "इंद्र्या! ए इंद्र्या! तुझं पहिलं पान वाच. नानांला ऐकायचंय!"

पलीकडे खसफस झाली. माझा मागचा अर्धा बाहेर ओढला गेला. भोकातून उजेड आला आणि मग इंद्रजीतचा आवाज आला. "...आणि त्यांच्या आडून ते शेजारच्या इमारतीवर गोळ्या झाडू लागले. पलीकडेही बंदुका होत्या. पलीकडेही स्पेनच होता."

"पुन्हा वाच," नाना म्हणाले. त्याने पुन्हा वाचले.

सुदर्शन दारात उभा राहून हे ऐकत होता. त्याला रडू यायला हवे होते. त्याला राग आला. तरातरा जाऊन त्याने घमेल्यात सिमेंट कालवले, थापी घेतली आणि म्हणाला, "बाजूला हो, अपेक्षा. हे भोकच बुजवतो आता."

नाना बाजेवरून उठले. भिंत धरत भोकापर्यंत गेले आणि त्यांनी उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला.

"नाना, हात काढा."

"नाय काढत. लाव सिमेंट. हातासकट लाव." ते ओरडले. "आर्धा इकडं, आर्धा तिकडं. तुम्ही तसाच वाटून घेतला ना मला?"

सुदर्शन थापी धरून उभा राहिला. पलीकडे, इंद्रजीतच्या हातातून, मला अजिनाथ दिसत होता. भिंतीतून आलेल्या बापाच्या उघड्या तळव्याकडे तो बघत होता.

"अजिनाथ," नानांनी भिंतीला गाल टेकवून विचारले, "आज कुणाची ज्वारी?"

 मग पलीकडून पडलेल्या आवाजात उत्तर आले, "काल माझी व्हती, नाना. आज माझी तूर."

सुदर्शनने थापी घमेल्यात टाकली. त्याने सिमेंट लावले नाही. ते घमेल्यात तसेच वाळून दगड झाले आणि घमेले वाया गेले.

मित्रांनो, मी अजून दोन तुकडेच आहे. रोज भोकापाशी अपेक्षा आपल्या अर्ध्यातले एक प्रकरण वाचते, इंद्रजीत त्याच्या अर्ध्यातले एक वाचतो. थोरले दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत आणि माझा राग गेलेला नाही. मला सांभाळा, माझ्यावरची धूळ झटका, असे मी तुम्हाला विनवणार नाही. एवढेच सांगतो. तुमच्या हातात एखाद्या भांडणाचे पुस्तक आले, तर दुसरा अर्धा कुणाकडे आहे ते आधी विचारा. तो भिंतीपलीकडे असेल तर हाक मारा. आणि जिंकले कोण, हे मला पुन्हा विचारू नका. विचारायचेच असेल तर नानांसारखे विचारा, आज कुणाची ज्वारी?