श्यामसुंदर आपट्यांचा कोरडा खोकला

श्यामसुंदर आपटे यांनी पोस्टात चौतीस वर्षं नोकरी केली, पण एकाही सभेत कधी तोंड उघडलं नाही. घरी बोलण्याचं काम त्यांच्या पत्नी सुनीतीबाई परस्पर उरकत.

निवृत्तीनंतर त्यांचा रक्तदाब चढला आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली. सदाशिव पेठेतल्या डॉक्टर हेमा यांनी रिपोर्ट पाहून समजावलं, "मूत्रपिंडाच्या इशाऱ्यावरून रक्तात एक संप्रेरक तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं. मग दाब वाढतो आणि तो पुन्हा मूत्रपिंडालाच इजा करतो. ही गोळी ते संप्रेरक तयारच होऊ देत नाही. रोज एक. आणि लोणचं बंद."

लोणच्याच्या धक्क्यात श्यामसुंदररावांनी पुढचं काही ऐकलंच नाही.

तिसऱ्या आठवड्यात खोकला सुरू झाला. कोरडा, खणखणीत. त्याच रविवारी सोसायटीची वार्षिक सभा होती. श्यामसुंदरराव नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत बसले. अध्यक्ष शरच्चंद्र दाते अहवाल वाचत होते.

"यंदा पाण्याची टाकी दोनदा साफ करण्यात आली."

"खॅक!"

दाते थांबले. चष्म्यावरून मागे बघत म्हणाले, "बरं, एकदा."

"खॅक! खॅक!"

"अहो आपटे, माणूस बोलावला होता! आलाच नाही, त्याला मी काय करू?"

सभेत कुजबुज सुरू झाली. श्यामसुंदररावांना माफी मागायची होती, पण तोंड उघडलं की खोकलाच बाहेर पडे. सभा संपेपर्यंत दात्यांनी जिन्यातला बल्ब स्वतःच्या स्वयंपाकघरात असल्याचंही कबूल केलं.

दुसऱ्या दिवसापासून श्यामसुंदररावांचा भाव वधारला. शेजारच्या श्यामलाबाई त्यांना मंडईत घेऊन गेल्या. "आजचीच मेथी," असं बजरंग भाजीवाला म्हणाला आणि हे खोकले. "काका, खोकू नका, आतली जुडी देतो!"

श्यामसुंदररावांना हे सगळं फार आवडू लागलं. सुनीतीबाईंना मुळीच आवडलं नाही. त्यांनी नवऱ्याला डॉक्टरांपुढे उभं केलं.

"सांगितलं होतं मी," डॉक्टर म्हणाल्या. "या गोळीनं काहींना खोकला येतो. दुसरी देते. ती संप्रेरक तयार होऊ देते, पण रक्तवाहिन्यांवर त्याचं काही चालू देत नाही."

"पुढच्या सभेपर्यंत जुनीच घेतली तर?"

"आपटे, खोकला हा दुष्परिणाम आहे. पद नाही."

महिन्याभरानं दात्यांनी पुन्हा सभा बोलावली. खोकला पार गेला होता. श्यामसुंदरराव घाबरून गप्प बसले होते. दाते एक वाक्य वाचत, थांबत, मागे बघत. खोकला काही येईना. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"आपटे, आज आपण काहीच म्हणत नाही?"

म्हणण्यासारखं काही नव्हतंच. श्यामसुंदरराव नुसते बघत राहिले.

"म्हणजे तुम्हाला कळलंय!" दात्यांनी फाईल मिटली. "गच्चीची किल्ली हरवलेली नाही. मी तिथे वांगी लावली आहेत."

दात्यांनी जागच्या जागी राजीनामा दिला. नव्या अध्यक्षपदासाठी आपट्यांचं नाव पुढे आलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, म्हणून ते एकमतानं निवडून आले.

पुढच्या तपासणीत रक्तदाब एकशे तीसवर आला, प्रथिनंही कमी झाली. गच्चीवरची वांगी आता घरोघरी वाटली जातात आणि दातेच त्यांना पाणी घालतात. सभा मात्र अकरा मिनिटांत संपते.