घशात अडकलेला तांदळाचा दाणा

मी एक जुना संगणक आहे, आणि सतरा वर्षं माझ्या घशात तांदळाचा एक दाणा अडकून बसला होता. मित्रांनो, हसू नका. तो साधा दाणा नव्हता, कुंकू लावलेली अक्षता होती. तो तिथं कसा गेला हे सांगायचं तर मला सगळं आयुष्यच सांगावं लागेल.

माझा जन्म पुण्यातल्या एका जिन्याखालच्या दुकानात झाला. पत्र्याची पेटी, पंखा, हिरव्या अक्षरांचा पडदा, खटखट वाजणारा कीबोर्ड, असे कुठून कुठून आलेले भाग एका माणसाने जोडले आणि झालो मी. आनंदरावांनी मला घेतलं तेव्हा एकोणीसशे नव्वद साल होतं. गुंजवण्याला त्यांची भातशेती. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण भोरच्या पोरांनी ते शिकावं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी भोरला एक खोली घेतली, शिकवायला एक मास्तर ठेवला आणि मला एसटीने आणलं. मला खिडकीजवळ बसवलं आणि पडदा स्वतःच्या मांडीवर घेतला.

"टीव्ही का?" कंडक्टरने विचारलं.

"न्हाई, धाकलं मास्तर हाय," आनंदराव म्हणाले. मी फुगलो, तो भोर येईपर्यंत.

माझ्यात हार्ड डिस्क नव्हती. रोज सकाळी माझ्या तोंडात तळहाताएवढी चौकोनी फ्लॉपी सरकवून कडी फिरवावी लागे. ती वाचली की मी जागा होई. माझ्या दर्शनी भागावर 'टर्बो' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की दिवा लागे आणि मी पळत सुटे. पुन्हा दाबलं की दिवा विझे आणि मी चालू लागे. मला पहिल्या दिवसापासून एक कोडं होतं. ज्याला पळता येतं त्याला चालायला लावणारं बटण कुणी आणि कशाला बसवलं असेल? मी मूळचाच चौकस. पण विचारणार कुणाला?

पहिल्या बॅचमध्ये शुभांगी नावाची सतरा वर्षांची मुलगी होती. टायपिंगचा धडा संपला की ती एक खेळ लावायची. खेळाचं नाव इंग्रजीत काहीतरी होतं, पोरं त्याला 'बुरूज' म्हणत. पडद्याच्या तळाशी विटांची भिंत. वरून एकेक अक्षर खाली येई. ते जमिनीला टेकायच्या आत तीच कळ दाबायची, नाहीतर एक वीट निखळे. डाव्या हाताची अक्षरं डावीकडे पडत, उजव्या हाताची उजवीकडे. दोनशे अक्षरं झाली की खेळ संपला आणि उरेल तेवढी भिंत आपली.

इतरांची भिंत अर्धी ढासळायची. शुभांगीची विटेला वीट लागून उभी राही. टर्बो लावलेला असतानासुद्धा! मी माझा सगळा दम लावून अक्षरं फेकायचो आणि ती पोरगी शेंगदाणे खात ती झेलायची. खरं सांगतो, मला तिचा थोडा रागच यायचा.

पुढे मास्तर पुण्याला गेला आणि शुभांगीच त्या खोलीची शिक्षिका झाली. सगळे तिला बाई म्हणू लागले. नवे रंगीत पडद्यांचे संगणक आले. मी कोपऱ्यात गेलो, पण नवख्यांची बोटं माझ्यावरच घटवली जात. ए एस डी एफ, ए एस डी एफ. दर दसऱ्याला आनंदराव गुंजवण्याहून पूजेचं ताट घेऊन येत. हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि वाटीभर अक्षता. नव्यांना चिमूटभर, मला मात्र ओंजळभर, कारण मी थोरला.

दोन हजार सातच्या दसऱ्यानंतर बाईंनी मला फ्लॉपी भरवली आणि मला ती वाचताच येईना. पडद्यावर 'फ्लॉपी घाला' एवढीच ओळ मी पुन्हा पुन्हा लिहीत राहिलो.

"वय झालं त्याचं," आनंदराव म्हणाले. मलाही ते पटलं. एका दमात पटलं, याचंच आज नवल वाटतं. त्यांनी मला भंगारात दिलं नाही, गुंजवण्याच्या घराच्या माळ्यावर ठेवलं. वेल्ह्याकडच्या पावसाळ्यात माझ्या सोबतच्या फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी चढली. पावसाळे मोजता मोजता मी कंटाळलो. मोजणं हेच ज्याचं काम, तो कंटाळला म्हणजे बघा.

मग गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आनंदरावांनी मला माळ्यावरून उतरवलं आणि टेम्पोत घालून किकवीला आणलं. तिथं हायवेलगत रश्मीचं मोबाईल आणि संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलावर बुद्धाची लहान मूर्ती, भोवती उघडलेले मोबाईल. रश्मी ही बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. त्या टेबलावर मला सगळी हकिगत कळली.

फेब्रुवारीत बाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सावरला, पण हाताची बोटं उठेनात. डॉक्टरांनी एकेक बोट वेगवेगळं हलवायला सांगितलं होतं. रबरी चेंडू दाबून दाबून बाई कंटाळल्या आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "दसऱ्यापर्यंत बोटं चालली नाहीत तर खोलीची किल्ली आनंदरावकाकांना परत देते. जिला ए एस डी एफ येत नाही, तिने टायपिंग काय शिकवायचं?"

रश्मीला 'बुरूज' आठवला. तिने तो शोधून नव्या संगणकावर लावला, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत भिंत भुईसपाट. खेळाला स्वतःचं घड्याळ नव्हतं, संगणक पळेल तसा तो पळे. तिने त्याला आवरायची युक्तीही केली. तरी नव्या कीबोर्डची कळ इतकी मऊ की बाईंच्या बधिर बोटाला ती दाबली गेल्याचंच कळेना.

"काका, हळू चालणारा आणि खट् वाजणारा तोच पाहिजे," रश्मी म्हणाली होती.

तिने मला उघडलं. धूळ झटकली, फुगलेला एक भाग बदलला. सतरा वर्षांनी पंखा फिरला आणि पडदा हिरवा झाला. बाईंनी 'बुरूज'ची फ्लॉपी स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून ठेवली होती, म्हणून ती शाबूत होती. रश्मीने ती माझ्या तोंडात सरकवली. मी पुन्हा तेच लिहिलं, फ्लॉपी घाला. मला इतकी लाज वाटली! आता हीसुद्धा म्हणणार, वय झालं.

पण रश्मीने माझं तोंडच सोडवून बाहेर काढलं आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. मग चिमट्याने काहीतरी उचलून कागदावर ठेवलं. अजून किंचित गुलाबी होतं ते.

"काका, अक्षता," ती म्हणाली.

आनंदरावांनी तो दाणा तळहातावर घेतला. "म्हंजी म्याच मारला व्हय ह्याला?"

"मारला न्हाई काका. घास अडकला हुता."

त्यानंतर मी फ्लॉपी वाचली. टर्रर्र, टक टक. आनंदरावांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि धूळ लई हाय हितं असं काहीतरी पुटपुटले.

मी पुन्हा भोरच्या खोलीत आलो. पहिल्या दिवशी बाईंनी टर्बोचा दिवा विझवला. अक्षरं सावकाश खाली येऊ लागली. त्यांचा नियम एकच, डाव्या हाताची अक्षरं डाव्या हातानेच. दोनशे अक्षरं संपली तेव्हा उजवी भिंत पूर्वीसारखी उभी होती आणि डावीकडे एकही वीट नव्हती. बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "असंच झालंय माझं." मित्रांनो, तेव्हा मला पळण्याचं बटण नको होतं. मला आणखी हळू चालता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

त्या रोज सकाळी येऊ लागल्या. मी रोज डावीकडच्या विटा मोजायचो. श्रावणात तर्जनी उठली आणि एफची कळ खट् वाजली. मधे पंधरा दिवस काहीच हललं नाही आणि बाईंनी किल्ली पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. ती तिथंच राहिली, त्याही येत राहिल्या. गणपतीत डी वाजला, मागून एस. एक कोपरा मात्र रोज ढासळे, करंगळीचा. ए. जो सगळे आधी शिकतात, तोच शेवटी राहिला.

दसऱ्याला आनंदराव ताट घेऊन आले. रश्मीही आली होती. ते माझ्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "कुठं कुठं उघडं हाय ह्येचं?" तिने दाखवलं. त्यांनी एका हाताने माझं तोंड झाकलं आणि दुसऱ्या हाताने एकच फूल वाहिलं. अक्षता ताटात तशाच राहिल्या.

बाई खुर्ची ओढून बसल्या.

"आज हत्यारं चालवत न्हाईत, शुभांगी," आनंदराव म्हणाले.

"हत्यार कुठंय काका? खेळ आहे हा."

अक्षरं पडू लागली. मी हळू, अगदी हळू चाललो. एफ. डी. एस. मग ए निघाला. बाईंची करंगळी थरथरली, उचलली गेली, पुन्हा टेकली. ए जमिनीपासून बोटभर वर होता. खट्. पुढचे काही ए सुटले, काही झेलले गेले. खेळ संपला तेव्हा डाव्या कोपऱ्यात सहा विटा उभ्या होत्या.

बाईंनी डावा हात उचलला. मला वाटलं, किल्ली घेऊन काकांना देणार. पण तो हात माझ्याकडे आला, आणि त्यांनी त्याच करंगळीने टर्बोचं बटण दाबलं. दिवा लागला. उजव्या हाताने त्यांनी नवा डाव लावला. मी पळत सुटलो आणि पाहता पाहता सगळी डावी भिंत कोसळली. बाई मोठ्याने हसल्या, सतरा वर्षांच्या असताना हसायच्या तशा.

"परत लाव गं रश्मी," त्या म्हणाल्या. "आणि काका, किल्ली माझ्याकडेच राहू द्या. सोमवारपासून बॅच सुरू करते."

टर्बोच्या बटणाचं माझं चौतीस वर्षांचं कोडं त्या दिवशी सुटलं: ज्याला पळता येतं, त्यालाही कधी कुणासाठी हळू चालावं लागतं. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मागे पडलं, गप्प झालं, तर वय झालं म्हणून त्याला माळ्यावर टाकू नका. बॅटरी घ्या आणि आधी त्याचा घसा बघा. दाणा अगदी लहान असतो.